इस्त्री केलेलं आकाश

लिफ्टच्या लाल आकड्यानं तीन दाखवले, दार उघडलं आणि ती दुसऱ्या मजल्यावर उतरली. उतरताना तिला तो तिसराच वाटला. बारा वर्षं रोज सकाळी आकडा बघायचा आणि पाय बाहेर टाकायचा, त्यात डोकं चालवायची वेळ कधी आलीच नव्हती. उजवीकडे वळून ती शेवटच्या दाराशी गेली, कार्ड लावलं, दिवा हिरवा होईना. पुन्हा लावलं. पदराला पुसून लावलं. तेवढ्यात आतून एका अनोळखी बाईनं दार उघडलं. बाईच्या हातात कुंड्यांना पाणी घालायची झारी होती. "वरच्या ऑफिसातल्या ना तुम्ही?" ती म्हणाली. "सकाळपासून तिसऱ्या आहात. लिफ्टचा आकडा पुढे पळतोय आणि लिफ्ट मागेच राहतेय." बाई हसली. हीसुद्धा हसली, निदान ओठ तरी हलवले. मग जिन्यानं वर निघाली. अर्ध्या जिन्यावर कठडा धरून ती उभी राहिली, कारण तिला मंगळवार आठवला होता. फेरी क्रमांक दोनशे बारा, आणि कॅप्टनचा आवाज.

आकडा पुढे पळतो, लिफ्ट मागे राहते. तिनं ते वाक्य मनात दोनदा घोळवलं. संशय ही तिची जुनी सोबत. वीस वर्षं विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर म्हणून काढून इथे आलेल्या बाईला दुसरं काय जमणार? घरी दूध उतू जाण्याआधी तिला दुधाचा संशय यायचा, नवरा 'पोचलो' म्हणाला की कुठून बोलतोय असं वाटायचं. नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. तो म्हणायचा, "तुझ्या डोळ्यांना नंबर नाही, तुझ्या स्वभावाला आहे." ती ते मनावर घ्यायची नाही. टॉवरमधल्या तिच्या पहिल्या वरिष्ठांनी, खोकत खोकत चहा पिणाऱ्या त्या रागीट माणसानं, पहिल्याच दिवशी पडद्यावर टिचकी मारून तिला सांगितलं होतं, "हे विमान नाही. ही विमानाची बातमी आहे. बातमी शिळी असू शकते, पोरी." ती 'पोरी' आता बावन्न वर्षांची होती, आणि आज जिन्यात उभी राहून तिला कळत होतं की हे वाक्य तिनं आपल्या हाताखालच्या प्रत्येकाला ऐकवलं, फक्त स्वतः शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नव्हतं.

वर तिचं काम असं होतं. एका विमानतळावर उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये तीन मैलांचं अंतर ठेवतात. ते अडीचवर आणलं तर तासाला चार-पाच विमानं जास्त उतरतील. पण खऱ्या विमानांवर, खऱ्या माणसांवर असलं काही आजमावून बघता येत नाही. म्हणून खोटं आकाश. आणि ते आकाश एका कॉम्प्युटरवर मावत नाही, म्हणून तीन गावांत वाटलेलं. इथे तिच्या खोलीत टॉवर. दुसऱ्या गावात विमानाची खरीखुरी केबिन, तिच्यात बसलेला एक निवृत्त कॅप्टन. तिसऱ्या गावात वारा, ढग आणि बाकीची तीस-चाळीस विमानं. तिन्ही गावांतली यंत्रं एकमेकांना लांबच्या तारेवरून निरोप धाडतात: मी इथे आहे, माझा वेग एवढा, माझं तोंड तिकडे. निरोप सतत नसतात, मधूनमधून येतात. दोन निरोपांच्या मध्ये प्रत्येक यंत्र अंदाज करतं, की ते विमान मघाच्या वेगानं मघाच्याच दिशेनं जात असणार. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली माणसं एकमेकांबद्दल करतात तसाच अंदाज. बहुतेक वेळा बरोबर येतो. मार्चपासून त्यांनी अशा दोनशे वीस फेऱ्या केल्या होत्या. प्रत्येक फेरीत ती कंट्रोलरच्या खुर्चीत बसायची आणि अडीच मैलांवर विमानं उतरवायची. एकदाही अंतर अडीचच्या खाली गेलं नव्हतं. अहवाल तयार होता, आज दुपारी चार वाजता त्यावर तिची सही व्हायची होती, आणि एक तारखेपासून त्या खऱ्या विमानतळावर, खऱ्या टॉवरमध्ये नवा नियम लागू व्हायचा होता. त्या टॉवरमध्ये सकाळच्या पाळीला जी कंट्रोलर बसायची ती तिची मुलगी होती.

मुलगी मंगळवारी दुपारी फोनवर म्हणाली होती, "इथे सगळे कुरकुर करतायत गं. अडीच म्हणजे श्वास घ्यायला जागा नाही म्हणतात. मी सांगितलं, आईनं बघितलंय. तू बघितलंयस ना? मग झालं." आणि लगेच दुसरंच काहीतरी, पडद्यांचं कापड की काय, त्याबद्दल बोलायला लागली. 'मग झालं' हे तिनं किती सहज म्हटलं. लहानपणी रस्ता ओलांडताना ती गाड्यांकडे बघायचीच नाही, आईचा हात धरला की डोळे दुकानांकडे. तेव्हा कौतुक वाटायचं. आता जिन्यात उभ्या उभ्या तिला त्याची भीती वाटली.

मंगळवारी, दोनशे बाराव्या फेरीत, कॅप्टन तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये म्हणाला होता, "टॉवर, पुढचा फार जवळ दिसतोय." तिनं पडद्यावर बघितलं. दोन पूर्णांक सात मैल. तिनं तसं सांगितलं.  तो हसून म्हणाला, "असेल बुवा. आमचे डोळे आता जुने झाले." आणि उतरला. फेरी संपली, चांगली म्हणून नोंदली गेली, आणि ती डबा खायला गेली. त्या डब्यात काय होतं तेसुद्धा तिला आता आठवत होतं, पण कॅप्टनच्या त्या 'जवळ दिसतोय'वर तिनं एक घासभरही विचार केला नव्हता.

खोलीत शिरली तर सगळं नेहमीसारखंच. आणि नेमकं तेच तिला खटकलं. साहेब आपल्या केबिनच्या काचेआडून हात हलवून हसले. साहेब गेल्या महिन्यापासून फार हसतात. तिला पाठीचा त्रास म्हणून नवी खुर्चीही मागवून दिली, न मागता. बारा वर्षांत या इसमानं तिला कधी उशी दिली नाही, आणि अहवालाच्या महिन्यात खुर्ची? कोपऱ्यात खोडरबर आपल्या पडद्यात नाक खुपसून बसला होता. त्याला सगळे खोडरबरच म्हणायचे. या तीन गावांतल्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम त्यानं लिहिलेला, पण विचार करायचा झाला की कागद-पेन्सिल घेऊन बसायचा, आणि शर्टाच्या खिशात कायम एक पांढरं खोडरबर. लिही, खोड, फुंकर मार. चाळिशीचा, हळू बोलणारा, कुणाशी वाकड्यात न जाणारा माणूस. अशा माणसांचीच तिला धास्ती वाटायची. भांडकुदळ माणूस परवडला, निदान त्याच्या पोटात काय आहे ते ओठांवर येतं. हा काय काय लिहून खोडत असेल, कुणाला पत्ता. आणि अहवालातले सगळे आकडे याच्याच हाताखालून गेलेले. तिला वाटलं, खुर्ची आणि खोडरबर, दोघांचं काहीतरी साटंलोटं आहे. हा विचार आला आणि तिला चक्क बरं वाटलं. तेही तिच्या लक्षात आलं, आणि तिनं ते बाजूला सारलं.

तिनं जिन्यात परत जाऊन कॅप्टनला फोन लावला. मागे कुकरची शिट्टी झाली. "बोला मॅडम," तो म्हणाला.

"मंगळवारची फेरी. तुम्ही म्हणालात पुढचा जवळ दिसतोय."

"म्हणालो की."

"माझ्याकडे दोन-सात होते."

"माझ्याकडे दोन-दोन," कॅप्टन म्हणाला. "मी वहीत लिहून ठेवलंय. सवय आहे. पुढच्यानं अचानक वेग कमी केला होता, मला काचेतून दिसत होतं. तुमच्याकडे तो पुढे पळतच राहिला असणार."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो तर होतो. तुम्ही दोन-सात म्हणालात ना. टॉवरनं सांगितल्यावर आम्ही ऐकतो, मॅडम. चाळीस वर्षं तेच केलं. नंतर तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्यालाही कळवलं होतं फोन करून. तो म्हणाला, बघतो."

बघतो. तिनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. म्हणजे मंगळवारपासून खोडरबरला माहीत आहे, आणि आज शुक्रवार. तीन दिवस हा माणूस तिच्यासमोर बसून चहा पितोय, तिला पेपरातलं कोडं विचारतोय, आणि हे पोटात ठेवून आहे. पुढच्या विमानानं वेग कमी केला, त्याचा निरोप कॅप्टनकडे पोचला पण इथे येताना लांबच्या तारेवर अडकला, तिच्या यंत्रानं मघाचाच वेग धरून त्याला पुढे ढकललं, इथवर तिला समजत होतं. पण उशिरा का होईना, निरोप आला असणार. आला की विमान पडद्यावर आपल्या खऱ्या जागी यायला हवं, झटकन, उडी मारून. तशी उडी तिनं पाहिली नव्हती. कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. पडद्यावर विमानं कशी लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकत होती, आणि ती साहेबांना अभिमानानं सांगायची, आपलं आकाश बघा किती सुरेख चालतं. कुणीतरी त्या उड्या पुसल्या होत्या. खोडल्या होत्या. कुणी, हे विचारायची गरजच नव्हती. टोपणनाव पाडणाऱ्यानं बरोबरच पाडलं होतं.

अकराला सगळे चहाला खाली गेले. ती डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली आणि खोडरबरच्या टेबलाशी गेली. दुसऱ्याचा खण उघडण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिली वेळ नव्हती, नवऱ्याचे तिनं दोनदा उघडले होते, दोन्ही वेळा चष्म्याच्या काड्या निघाल्या होत्या. या खणात पेन्सिलींचा गठ्ठा, एक अर्धं बिस्कीट आणि खाली तक्रारींची फाइल. प्रोग्रॅममध्ये काही बदल हवा असेल तर पिवळ्या चिठ्ठीवर लिहून द्यायचं, तो काय केलं ते खाली लिहिणार, अशी पद्धत त्यानंच घातलेली. चिठ्ठ्या तारखेवार लावलेल्या. तिनं पानं उलटायला सुरुवात केली. साहेबांची चिठ्ठी सापडावी, असं तिला मनापासून वाटत होतं. 'आकडे नीट दिसू देत' किंवा असलंच काही, खाली साहेबांची ती वळणदार सही. मग सगळं जागच्या जागी बसलं असतं. एप्रिल गेला. मार्च. आणि मार्चच्या अकरा तारखेला तिला स्वतःचं अक्षर दिसलं.

'पडद्यावर विमानं उड्या मारतात. डोळ्यांना त्रास होतो. असं काम करता येत नाही. उड्या ताबडतोब बंद कराव्यात.' खाली तिची सही, ठसठशीत, रागानं दोनदा गिरवलेली. तिच्याखाली पेन्सिलीनं, त्याच्या बारीक अक्षरात: 'मॅडम, उडी म्हणजे बिघाड नाही. उशिरा आलेली बातमी आहे. विमान हळूहळू सरकवून उडी झाकता येईल, पण मग चूक किती होती ते दिसणार नाही. पडद्यावरचंच नोंदीत जातं. तरी झाकायची का?' आणि त्याच्याखाली पुन्हा पेननं, तिच्याच हातचं एकच अक्षर: 'हो.'

ती त्याच्या खुर्चीत बसली. तिला ती चिठ्ठी आठवत नव्हती, आणि मग हळूहळू सगळंच आठवायला लागलं. मार्चचा तो आठवडा, डोळ्यांतून पाणी, कपाळ ठणकायचं. नवऱ्यानं दुकान बंद करायच्या आधी तिला त्या उंच खुर्चीत बसवलं होतं, एकेक काच बदलत विचारलं होतं, आता कसं, आता कसं. शेवटी दिवा लावून म्हणाला, "डोळे ठणठणीत आहेत तुझे. तुला उड्या दिसतात म्हणजे ते खरंच उडत असणार." ती चिडली होती. तुला काय कळतं माझ्या कामातलं, असं काहीतरी बोलली होती. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी. आठवड्यानं पडदा शांत झाला, त्याला ऑफिसात सगळे इस्त्री म्हणायला लागले, इस्त्री झाली का, छान झाली इस्त्री. तो शब्दही तिनंच काढलेला. डोकेदुखी थांबली. साऱ्या जगाचा संशय घेणाऱ्या या बाईनं त्या शांत पडद्याचा मात्र एका दिवसासाठीही संशय घेतला नव्हता, कारण त्यानं तिला बरं वाटत होतं. तिला स्वतःची लाज वाटली, नुसती लाज, आणि तिच्यामागून मुलीचा तो सहज आवाज: मग झालं.

"मॅडम." खोडरबर हातात दोन कप घेऊन उभा होता. एक तिच्यासाठी आणला असावा. उघडा खण, फाइल, ती त्याच्या खुर्चीत, हे सगळं त्यानं बघितलं आणि कप टेबलावर ठेवले.

"तुम्ही हे खोडलं नाहीत," ती म्हणाली. तिला खरं तर दुसरंच काही विचारायचं होतं.

"चिठ्ठ्यांवरचं नाही खोडत मी."

"मंगळवारी कॅप्टननं तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

तो शर्टाच्या खिशाशी चाळा करत राहिला. "आलो होतो. तुम्ही मुलीशी फोनवर बोलत होतात. हातानं 'नंतर' म्हणालात. नंतर... नंतर मी कच खाल्ली. चार महिन्यांचं सगळं परत. आणि तुम्ही त्या दिवशी किती खुशीत होतात."

तिला तो फोन आठवला. पडद्यांचं कापड, निळं की करडं. "फक्त एकच फेरी?" तिनं विचारलं.

"तारेवर गर्दी असली की व्हायचं. नेमकं कितींदा ते सांगता येणार नाही. ते झाकलंच गेलं ना." तो हळू बोलला, नेहमीसारखाच. "तीस असतील. पन्नास असतील."

साहेबांच्या केबिनमध्ये ती चिठ्ठी घेऊनच गेली. साहेबांनी आधी चिठ्ठी वाचली, मग तिच्याकडे बघितलं, मग परत चिठ्ठी. "हे जोडायलाच हवं का?" ते म्हणाले. "तांत्रिक कारण म्हणू. यंत्रातला दोष. तुमचं नाव कशाला मध्ये?" ते खरंच तिच्या भल्याचं बोलत होते, आणि खुर्चीसुद्धा त्यांनी पाठीसाठीच दिली होती, बाकी कशासाठी नाही, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं आणि त्याचाही तिला राग आला. कुणीतरी एक तरी लबाड निघायला हवा होता.

"यंत्रात दोष नव्हता, साहेब," ती म्हणाली. "यंत्र सांगत होतं. मी त्याला गप्प बसवलं. अहवालावर सर्वांत वर ही चिठ्ठी लागेल, त्याखाली कॅप्टनचे आकडे. मार्चपासूनच्या सगळ्या फेऱ्या रद्द."

"सगळ्या?" साहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला या खुर्चीत ठेवतीलच असं नाही मग, मॅडम. मी सांगून ठेवतो."

"माहीत आहे."

दुपारी तिनं खोडरबरला दोनशे बारावी फेरी पुन्हा लावायला सांगितली, त्याच गर्दीच्या तारेवर, इस्त्री काढून. कॅप्टन पलीकडे केबिनमध्ये बसला. ती आपल्या नव्या खुर्चीत बसली, हेडफोन लावला. पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. मग डाव्या कोपऱ्यातलं एक विमान पडद्यावर मागे फेकलं गेलं, बोटाच्या पेराएवढं. मग दुसरं. तिचे डोळे चुरचुरायला लागले आणि मार्चमधली ती कपाळाची जुनी कळ जागच्या जागी परत आली. तिनं खोडरबरकडून पेन्सिल मागून घेतली आणि प्रत्येक उडीची वेळ आणि अंतर लिहायला लागली. फेरी संपेपर्यंत सतरा झाल्या. पुढचा जिथे थबकला होता तिथे पडद्यावर आधी दोन-सात होते, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दोन-दोन. "दिसलं?" कॅप्टन कानात म्हणाला. "दिसलं," ती म्हणाली. त्यांनी तीच फेरी दुसऱ्यांदा लावली.

चारला फोन वाजला. मुलगी. पाळी संपवून बाहेर पडत असावी, मागे दारांचे आवाज येत होते. "आई, झाली का सही?"

"नाही."

"का गं? कुणी घोळ घातला?"

तिनं पडद्याकडे बघितलं. खोडरबर कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. "मी घातला," ती म्हणाली. "मार्चपासूनचं सगळं चुकीचं आहे. अंतर अडीचच्या खाली गेलं होतं, कितीदा ते अजून माहीत नाही. आज तुमच्या टॉवरला पत्र येईल. तोवर तीन मैल. कुणी काही म्हणालं तरी तीन. ऐकतेयस ना?"

पलीकडचे दारांचे आवाज थांबले.  मग मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम रस्ता ओलांडणाऱ्या त्या पोरीसारखा झाला होता, "पण मी तर सगळ्यांना सांगून बसलेय, आईनं बघितलंय म्हणून."

"मग उद्या जा आणि सांग," ती म्हणाली, "आईनं बघितलं नव्हतं."

मुलीनं बरं म्हटलं की नाही ते तिला कळलं नाही, कारण त्याच वेळी पडद्यावर आणखी एक विमान मागे उडालं, आणि तिनं फोन खांद्याशी धरून त्याची वेळ लिहून घेतली.